देहावाचूनचे स्मारक

पेनसिल्व्हानिया राज्याच्या आग्नेय भागात, फिलाडेल्फिया मागे टाकून वायव्येकडे गेले असता, बर्क्स परगण्यात बॅली नावाचे एक लहान गाव लागते. जर्मन बोलीचे शेतकरी अठराव्या शतकात येथे येऊन स्थायिक झाले. त्या काळी या टापूला गोशेनहॉपेन म्हणत, आणि आजचे नाव त्याला मिळाले ते पुढे ऑगस्टीन बॅली या जेझुइट पाद्र्यावरून. एका कॅथलिक धर्मगुरूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात मेनोनाइट पंथाची हेरफर्ड मंडळी आणि तिची दफनभूमी सुखाने नांदत आहे, ही गोष्ट सोळाव्या शतकातील युरोपात कोणाच्या स्वप्नातही आली नसती. कारण त्या शतकात या पंथाच्या मूळ पुरुषांना कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही राजसत्तांनी बुडवून, जाळून आणि हद्दपार करून निर्मूल करण्याची शिकस्त केली होती. या दफनभूमीत अ‍ॅनी क्लेमर फंक या स्त्रीची स्मारकशिला आहे. शिलेखाली मात्र कोणी नाही. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे उत्तर अटलांटिक महासागरात बुडालेल्या टायटॅनिक जहाजाबरोबर ती गेली, आणि तिचा देह सापडला नाही.

टायटॅनिकची कथा आज पृथ्वीच्या पाठीवर बहुतेक सर्वांना ठाऊक आहे, इतकी की तिच्याविषयी आणखी काही लिहिणे म्हणजे वाचकाच्या सहनशीलतेवर कर बसवणे होय. परंतु त्या जहाजावरील या एका उतारूचा प्रवास ज्या ठिकाणाहून सुरू झाला होता ते ठिकाण होते मध्यप्रांताच्या बिलासपूर जिल्ह्यातील जांजगीर, म्हणजे ज्या मुलखाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले आणि त्याआधी शंभराहून अधिक वर्षे ज्याच्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता त्या छत्तीसगडातील एक गाव. मराठी वाचकाला या शिलेविषयी थोडे कुतूहल वाटावे, असे मला वाटते ते याच कारणाने.

मेनो सायमन्स हा मूळचा फ्रिसलंडातील कॅथलिक पुरोहित. त्याने १५३६ साली जुनी दीक्षा सोडली आणि प्रौढपणी, समजून उमजून घेतलेला बाप्तिस्माच खरा मानणाऱ्या विखुरलेल्या लोकांना एकत्र आणले. शस्त्र हाती धरायचे नाही, न्यायसभेत शपथ घ्यायची नाही, सरकारी अधिकारपदाचा हव्यास धरायचा नाही आणि राहणीत डामडौल येऊ द्यायचा नाही, ही या लोकांची आचारसूत्रे. असे लोक कोणत्याही राजाला गैरसोयीचेच वाटणार; म्हणून स्वित्झर्लंडातून आणि ऱ्हाईन नदीच्या काठावरून ते उठले आणि विल्यम पेनच्या वसाहतीत धर्मस्वातंत्र्याचे अभिवचन मिळताच १६८३ पासून पुढे पेनसिल्व्हानियात येत राहिले. तेथे त्यांची शेती पिकली, धान्याची कोठारे भरली, आणि सुस्थितीत आलेल्या समाजात जे होते ते त्यांच्यातही झाले: १८४७ साली ओबरहोल्ट्झर नावाच्या सुधारकाच्या पुढाकाराने त्यांच्यात फूट पडली. जुन्यांना जुनी शिस्त हवी होती. नव्यांना रविवारच्या शाळा, लेखी घटना आणि परदेशातील धर्मकार्य हवे होते. हेरफर्डची मंडळी नव्यांबरोबर गेली. ती जुन्यांबरोबर राहिली असती तर आपल्यातील एका अविवाहित मुलीला सातासमुद्रापलीकडे पाठवण्याचा विचार तिला सहसा शिवला नसता.

अ‍ॅनीचा जन्म याच गावी १२ एप्रिल १८७४ रोजी झाला. वडील जेम्स फंक हे मंडळीचे डीकन, म्हणजे धर्मसभेतील व्यवस्थेचे आणि दानधर्माचे काम पाहणारे. आई सुझॅना ही क्लेमर घराण्यातील. वेस्ट चेस्टर येथील अध्यापन-विद्यालयात आणि नंतर मूडी या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापलेल्या नॉर्थफील्डच्या शिक्षणसंस्थेत तिचे शिक्षण झाले. त्यानंतर काही काळ तिने दक्षिणेकडील चॅटानूगा येथे निग्रो वस्तीत आणि काही काळ न्यू जर्सीतील पॅटरसन या गिरण्यांच्या शहरात तरुण स्त्रियांच्या ख्रिस्ती संघात काम केले. दास्य कागदोपत्री संपले असले तरी ज्यांच्या हाती काही पडले नव्हते असे लोक आणि गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य बांधलेल्या मुली यांच्यात वावरल्यावर ती हिंदुस्थानात आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घरातून थेट पुण्यक्षेत्री निघालेली ती भाबडी मुलगी नव्हती. १९०६ च्या अखेरीस निघताना समुद्राच्या भीतीचा विषय कोणी काढला, तेव्हा परमेश्वर जमिनीवर जितका जवळ असतो तितकाच पाण्यावरही असतो, अशा आशयाचे तिने उत्तर दिल्याचे तिच्या पंथीयांनी नमूद करून ठेवले आहे. पुढे जे घडले त्यामुळे या उत्तराला भविष्यवाणीची कळा आली. एरवी ते जलप्रवासाला निघालेल्या कोणत्याही श्रद्धाळू मनुष्याने दिले असते असेच आहे.

डिसेंबर १९०६ मध्ये ती जांजगीरला रुजू झाली.

हा मुलूख मराठी दप्तरांना अपरिचित नाही. रतनपूर येथे हैहयवंशीय कलचुरींचे राज्य शतकानुशतके चालत आले होते, ते १७४१ साली रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीस निघाला असता वाटेतच त्याच्या हाती पडले. योगायोगाची मौज अशी की, बॅली गावातील जेझुइटांचा मठही याच १७४१ सालचा. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास राहून राज्य करीत होते. तेथील टेकडीवरचे राममंदिर त्यांचे. दरबारात मराठी भाषा व मोडी लिपी आली ती त्यांच्याच कारकीर्दीत. आणि विजयादशमीला सोने लुटण्याची आपली चालही त्या बाजूस त्यांच्याबरोबरच गेली असे सांगतात. त्यांच्यामागे सुभे नेमून कारभार चालला आणि विठ्ठलराव दिनकर या सुभेदाराने जुन्या गढांची व्यवस्था मोडून परगणे बांधले. १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ साली मध्यप्रांत झाला आणि मालगुजारीची बंदोबस्ती सुरू झाली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेचा रूळ बिलासपुरावरून पूर्वेकडे गेला, आणि जांजगीराजवळच्या नैला स्थानकावर मुंबई व कलकत्ता या दोन्ही महानगरांच्या गाड्यांची वाट मोकळी झाली.

जांजगीर हे नाव कलचुरी राजा जाजल्लदेव याच्यावरून पडले असे मानतात, आणि भीमा तलावाच्या काठी त्या राजवटीतील बाराव्या शतकाचे विष्णुमंदिर आजही उभे आहे. भिंतींवरचे शिल्पकाम सुरेख. शिखर मात्र अपुरेच राहिलेले. हे शिखर का राहिले याची एक कथा त्या बाजूला सांगतात: जांजगीर आणि शिवरीनारायण येथील मंदिरांत आधी कोणते पुरे होते याची चुरस लागली, शिवरीनारायणचे आधी झाले, देव तिकडे गेला आणि इकडचे काम तसेच थांबले. राजवटीचे उतरते दिवस, रिकामा खजिना किंवा कारागिरांची पांगापांग अशी रुक्ष कारणे लोकांच्या मनाला रुचत नाहीत. अपुऱ्या वस्तूला कथेचे शिखर चढवल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही.

अमेरिकेतील मेनोनाइट या कोपऱ्यात आले ते दुष्काळाच्या वाटेने. १८९६-९७ च्या आणि पाठोपाठ १८९९-१९०० च्या, म्हणजे ज्याला लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणत त्या काळात, मध्यप्रांतातील माणसे रस्त्यांवर मरून पडत होती. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतात हिंडून तेथील निराश्रित मुली आणि विधवा आपल्याबरोबर पुण्याकडे घेऊन आल्या व त्यांच्यासाठी केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले, हे मराठी वाचकाला माहीतच आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील मेनोनाइट शेतकऱ्यांनी धान्य आणि पैसा धाडला, आणि जॉर्ज लॅम्बर्ट हा त्यांचा माणूस वाटपावर देखरेख करण्यासाठी हिंदुस्थानात येऊन गेला. धान्यामागोमाग माणसे आली. डिसेंबर १९०० मध्ये पेनर व क्रोकर ही दोन कुटुंबे हिंदुस्थानात उतरली. पेनर यांनी चांपा येथे बस्तान बसवून १९०२ मध्ये महारोग्यांसाठी आश्रम काढला, क्रोकर जांजगीरला राहिले. या कामात धर्मांतराचा हेतू होता, तो त्यांनी लपवला नाही आणि आपणही लपवण्याचे कारण नाही. परंतु महारोग्याच्या जखमा धुणाऱ्या माणसाचा हेतू तपासत बसण्याचा अधिकार ज्याने त्या कधी धुतल्या आहेत त्यालाच आहे, असे माझे मत आहे.

अ‍ॅनी प्रथम हिंदी शिकली. जुलै १९०८ मध्ये तिने मुलींसाठी शाळा उघडली: खोली एक, मुली सतरा. जुलै हा छत्तीसगडात भाताच्या रोवणीचा महिना. घरातली लहान मुलगीसुद्धा त्या दिवसांत चिखलात उभी असते, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बांधावर बसलेली असते. अशा महिन्यात मुलीला पाटीवर बसवायचे म्हणजे घरच्या कामाचे दोन हात कमी करायचे, आणि शिकून ती कोणत्या कचेरीत जाणार आहे, या प्रश्नाला त्या काळी उत्तर नव्हते. भिडेवाड्यातील शाळेला तोवर साठ वर्षे झाली होती, हिंगण्याचा आश्रम बारा वर्षांचा होता. पण पुण्याचे वारे रतनपूर-जांजगीरपर्यंत वाहत नव्हते. तेव्हा सतरा हा आकडा लहान म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्यानंतर जवळजवळ पावणेचार वर्षे ती शाळा तिने चालवली. शाळा चालवणे याचा अर्थ हजेरी मांडणे, गैरहजर मुलीच्या घरी जाणे, पाट्या-पेन्सिली मागवणे, तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी बसणे, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी हजेरी मांडणे. यात चित्रपटाला उपयोगी पडेल असे काही नसते.

१९१२ च्या वसंतात गावाकडून तार आली. हेरफर्ड मंडळीचे पाळक शेली यांनी कळवले होते की, आई फार आजारी आहे, ताबडतोब निघावे, आणि परतीच्या प्रवासाची तिकिटेही काढली आहेत. सामान आवरून ती गाडीने मुंबईस आली. त्या काळी सरळ वाट होती ती नागपूरला बंगाल-नागपूर कंपनीची गाडी सोडून जीआयपीची गाडी धरण्याची. मग वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड करीत कसाऱ्याचा घाट उतरून बोरीबंदर. मुंबईहून पी अँड ओ कंपनीच्या ‘पर्शिया’ या डाकबोटीने ती मार्सेयपर्यंत गेली आणि तेथून आगगाडीने इंग्लंडात पोचली. या ‘पर्शिया’चीही गोष्ट येथेच सांगून टाकतो: ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाच्या दक्षिणेस एका जर्मन पाणबुडीने तिला पाणतीर मारला आणि काही मिनिटांत ती तळाला गेली, तीनशेवर माणसे बुडाली. कपुरथळ्याचे महाराज जगतजितसिंग त्या सफरीत मार्सेयला उतरले म्हणून वाचले. अ‍ॅनीच्या त्या प्रवासात मात्र बोट सुखरूप पोचली.

लिव्हरपूलहून ‘हॅवरफर्ड’ नावाच्या साध्या, संथ बोटीने ती फिलाडेल्फियाला जाणार होती. फिलाडेल्फिया हे तिच्या गावाचे जवळचे बंदर. तेथे उतरली असती तर त्याच दिवशी ती घरी पोचू शकली असती. पण त्या वसंतात इंग्लंडातील कोळसा-खाणकामगारांनी किमान वेतनासाठी संप पुकारला होता. सुमारे दहा लाख मजूर खाणींबाहेर बसले होते, पार्लमेंटला मार्चच्या अखेरीस घाईने किमान वेतनाचा कायदा करावा लागला, आणि बंदरोबंदरी जहाजे कोळशावाचून खोळंबली. टायटॅनिकची पहिली सफर रद्द होऊ नये म्हणून तिच्या मालकांनी इतर जहाजांच्या बंकरांतील कोळसा काढून तिच्यात भरला. अमेरिकन लाइन आणि व्हाइट स्टार या दोन्ही कंपन्या मॉर्गनच्या एकाच जहाज-संघाच्या मुठीत असल्यामुळे एकीचा कोळसा आणि एकीचे उतारू दुसरीकडे वळवणे हे केवळ हिशेबाच्या वहीतील फिरवाफिरवीचे काम होते. ‘हॅवरफर्ड’ निघण्यास विलंब आहे असे कळले, तेव्हा टॉमस कुक कंपनीने अ‍ॅनीला मार्ग सुचवला की, थोडे पैसे अधिक भरल्यास नव्या जहाजावर दुसऱ्या वर्गात जागा मिळेल. तिने पदरचे सोन्याचे आणखी काही पौंड मोजले. तिकीट तेरा पौंडांचे होते.

कोणी तिला फसवले नाही. तार पाठवणारा पाळक, जागा मिळवून देणारा एजंट आणि वेतनासाठी भांडणारे खाणमजूर यांच्यापैकी एकाचाही काडीचा अपराध नव्हता, आणि आईकडे लवकर पोचावे म्हणून अधिक पैसे देणाऱ्या मुलीचा तर नव्हताच.

१० एप्रिलला साउदॅम्प्टनहून जहाज निघाले. शुक्रवारी, १२ तारखेला, अ‍ॅनीला अडतीस वर्षे पुरी झाली. दुसऱ्या वर्गात हिंदुस्थानातून निघालेले आणखी एक मिशनरी कुटुंब होते: गुंटूरच्या लुथरन मिशनमधील नेली बेकर आणि त्यांची तीन मुले. धाकट्या मुलाच्या आजारामुळे त्या अमेरिकेस परतत होत्या. चौघेही पुढे वाचली. रविवारी १४ तारखेच्या रात्री दुसऱ्या वर्गाच्या भोजनगृहात लंडनचे पाद्री अर्नेस्ट कार्टर यांनी भक्तिगीतांचा कार्यक्रम केला आणि शंभरेक उतारू त्यात गायले. रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी जहाज हिमनगाला घासले, आणि दोन वाजून वीस मिनिटांनी दिसेनासे झाले. बावीसशेच्या आसपास माणसांपैकी सुमारे पंधराशे मेली. जहाजावर होड्या वीस होत्या आणि त्यांत ११७८ माणसे मावली असती. वाचली ती सातशेच्या घरात, म्हणजे पुष्कळ होड्या अर्ध्यामुर्ध्या भरूनच सोडल्या गेल्या.

प्रेते गोळा करण्याचे काम कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरातून झाले. १७ एप्रिलला ‘मॅके-बेनेट’ हे समुद्री तारा दुरुस्त करणारे जहाज बर्फाच्या लाद्या आणि शवपेट्या भरून निघाले. या कामाची जी पद्धत बसवण्यात आली होती ती पाहण्यासारखी आहे. पाण्यातून देह वर काढला की त्याला आकडा घातलेला कॅनव्हासचा तुकडा बांधायचा. खिशातील घड्याळ, किल्ल्या, पत्रे, नाणी, जे असेल ते त्याच आकड्याच्या कॅनव्हासच्या लहान पिशवीत घालून तोंड बांधायचे. आणि वहीत त्या आकड्यासमोर केसांचा रंग, अंदाजे वय, कपडे, कपड्यांवरील आद्याक्षरे आणि अंगावरील खुणा लिहायच्या. हॅलिफॅक्सचे मृत्युनोंदणी अधिकारी बार्नस्टेड यांनी बसवलेली ही रीत पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, त्याच शहरातील दारूगोळ्याच्या प्रचंड स्फोटानंतर त्यांच्या मुलाने पुन्हा वापरली. ‘मॅके-बेनेट’ला ३०६ देह सापडले; त्यांपैकी ११६ समुद्रातच सोडावे लागले, कारण मसाला पुरला नाही, आणि अशा प्रसंगीही किनाऱ्यावर न्यायचे कोण याची निवड करताना पहिल्या वर्गाचे तिकीट कामी आले. शेवटी दीडशे जण हॅलिफॅक्सच्या तीन दफनभूमींत पुरले गेले. काहींच्या दगडावर नाव नाही, केवळ आकडा आणि तारीख आहे. त्या वहीत अ‍ॅनीच्या नावापुढे घालावा असा आकडा कधीच निघाला नाही.

ज्याचा देह हाती येत नाही त्याचे मरण मान्य कसे करायचे, हा प्रश्न आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनाही पडला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर फार बारकाईने दिले आहे: परदेशी गेलेल्याची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग तीनशे साठ पळसपानांची आकृती करून तिला अग्नी द्यावा. पण शास्त्राने सोय केली म्हणून मन तयार होतेच असे नाही. पानिपतावर भाऊसाहेब पडले हे पुण्यास कळूनही पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत, आणि याच अनिश्चिततेच्या फटीतून पुढे तोतया भाऊ पेशवाईत शिरला. मेनोनाइटांच्या धर्मात पळसपानांचा विधी नाही, उत्तरकार्य नाही, मृताच्या नावाने दान नाही. त्यांच्याजवळ होती ती एक जागा आणि एक शिला. न्यूयॉर्कचे व्यापारी स्ट्राउस यांच्या घराण्याने निराळा उपाय केला. इसिडॉर स्ट्राउस यांचा देह सापडला, पत्नी आयडा यांचा सापडला नाही, तेव्हा जहाज बुडाले त्या ठिकाणचे पाणी कलशात आणून ते समाधिगृहात ठेवले असे सांगतात. बॅलीचे शेतकरी एवढा खर्च करते ना, आणि परवडला असता तरी केला असता असे वाटत नाही.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट आपल्या इतिहासात आहे. पुण्याच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली याच पेनसिल्व्हानियाच्या राजधानीसारख्या शहरात, फिलाडेल्फियात, डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. परत येताच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेतील कार्पेंटरबाईंकडे गेली आणि त्या माउलीने ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवून वर दगड बसवला. शिकण्यासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलीला परक्या भूमीने जागा दिली. शिकवण्यासाठी इकडे आलेल्या त्यांच्या मुलीला स्वतःच्या गावची ठरलेली जागा मिळाली नाही.

आता त्या शेवटच्या घटकेविषयी. अ‍ॅनीची कथा जेथे जेथे सांगितली जाते तेथे तेथे असे सांगतात की, तिला होडीत जागा मिळाली होती, इतक्यात मुलांपासून ताटातूट होऊ पाहणारी एक आई धावत आली, आणि अ‍ॅनीने उठून तिला आपली जागा दिली. ही कथा तिच्या मंडळीत मान्य आहे, पुस्तकांत आली आहे, आणि तिच्या स्वभावाशी ती विसंगत नाही. परंतु इतिहास म्हणून पाहू गेले असता तिला चौकशीतील साक्षीचा आधार नाही. आयडा स्ट्राउस यांनी पतीला सोडून होडीत पाय ठेवण्यास नकार दिला हे पाहणारी, ऐकणारी माणसे वाचली आणि त्यांनी ते सांगितले. दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना मात्र लंडनच्या चौकशीत कोणी विचारलेच नाही. तेथे प्रवाशांपैकी साक्षीला उभे राहिले ते डफ गॉर्डन पतिपत्नी आणि कंपनीचे चालक इस्मे, एवढेच.

मग ही कथा आली कोठून? माझा तर्क असा की, ती एका आकड्यातून आली. सरकारी अहवालाप्रमाणे दुसऱ्या वर्गात ९३ स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी ८० वाचल्या. मुले २४ होती, ती सर्वच्या सर्व वाचली. त्या वर्गातील स्त्रीने वाचावे हा त्या रात्रीचा नियम होता आणि बुडावे हा अपवाद. तेरांत आपली अ‍ॅनी का, असा प्रश्न बॅलीच्या मंडळीला पडला नसता तरच नवल. कार्टर यांच्या पत्नी लिलियन याही त्या तेरांत होत्या, पण पती बरोबर असल्यामुळे त्यांच्या बाबतीत उत्तर सहज सुचते. एकट्या प्रवास करणाऱ्या, धडधाकट, अडतीस वर्षांच्या बाईचे उत्तर सुचत नाही. ती केबिनमध्ये उशिरा जागी झाली असेल, चुकीच्या जिन्याने चढली असेल, दुसऱ्या कोणासाठी थांबली असेल, किंवा लोक सांगतात तेच खरे असेल. जांजगीरच्या मंदिराच्या अपुऱ्या शिखरावर जशी कथा बसली तशीच ती येथेही बसली. आणि ती खोटी ठरवण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही, हेही मी कबूल करतो.

माझी तक्रार कथेविषयी नाही, प्रमाणाविषयी आहे. ज्या दोन-तीन मिनिटांचा साक्षीदार कोणी नाही त्यांच्यावर पानेच्या पाने लिहिली गेली, आणि ज्या सव्वापाच वर्षांचे साक्षीदार एक अख्खे गाव होते त्यांची दखल दोन ओळींत आटोपली जाते: हिंदी शिकली, शाळा काढली, सतरा मुली होत्या. तिच्या मागे त्या शाळेला तिचेच नाव देण्यात आले, आणि अ‍ॅनी सी. फंक स्मारक शाळा म्हणून ती जांजगीरात चालत राहिली. म्हणजे स्मारके दोन झाली. पेनसिल्व्हानियातील दगडाचे छायाचित्र टायटॅनिकच्या भक्तांनी जगभर पोचवले; छत्तीसगडातील शाळेत पहिल्या वर्षी बसलेल्या त्या सतरा मुली कोण, कोणत्या जातीच्या, कोणत्या पाड्यावरच्या, त्यांच्यापैकी किती पुढे स्वतः शिकवू लागल्या, हे कोणी तितक्या आस्थेने शोधलेले माझ्या वाचनात नाही.

जुन्या मध्यप्रांताच्या शिक्षणखात्याचे वार्षिक अहवाल छापील आहेत, आणि अमेरिकेतील मेनोनाइटांना कागद जपून ठेवण्याची चांगली सवय आहे. नागपूर-बिलासपूरकडील ज्या अभ्यासकांना हिंदी, मराठी आणि थोडेफार जर्मन वळणाचे इंग्रजी वाचता येते, त्यांनी १९०८ ते १९१२ या चार वर्षांची ही दप्तरे एकदा सोडावीत, आणि पटावरील नावे मिळाली तर ती छापून काढावीत.